तयारीचं चित्र

तिला ‘अलगद’ हे नाव मी पाडलं. नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे आमच्या स्टुडिओत कुणीही सांगेल. माझं स्वतःचं नाव तिथे ‘भोंगा’ आहे. ते कुणी पाडलं हे अजून कळलेलं नाही, कळलं की बघून घेईन.

अलगद माझ्या शेजारच्या टेबलावर अठरा वर्षं बसली. आमचा धंदा कार्टूनचा, म्हणजे मुलांसाठी हलती चित्रं बनवण्याचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. त्यातली मोक्याची दोन-तीन मोठे चित्रकार काढतात. एकात हात खाली, एकात हात वर. तो हात खालून वर कसा गेला, ती मधली सगळी चित्रं अलगदसारखी माणसं काढतात. त्यांची नावं सिनेमाच्या अगदी शेवटी येतात, लोक दाराकडे धावत असतात तेव्हा. मी रंग खात्यात. आमची नावं त्यांच्याही खाली.

ती खण लावायची तर आवाज नाही. डबा उघडायची तर झाकण वाजत नाही. चालणं मांजराच्या पावलांचं. अठरा वर्षांत मी तिला शिंकताना ऐकलं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं बाई, तू जिवंत आहेस हे मधूनमधून कळवत जा." तर ती म्हणाली, "सॉरी हं," आणि पुन्हा चित्रात डोकं घातलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

घरी ती आणि तिची भाची, दोघीच. अलगदची धाकटी बहीण चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली, तेव्हा ही पोर पाच वर्षांची होती. पोरीच्या बापाची नोकरी फिरतीची, त्यामुळे मावशीने तिला उचलून घरी आणलं. आता भाऊजी एका गावात स्थिर झाले होते, दुसरं लग्न झालं होतं. नवी बायको स्वभावाने बरी आहे, असं अलगद स्वतःच सांगायची. भाऊजींचा फोन आला होता की सुट्टी लागली की पोरीलाच विचारू, कुठे राहायचंय ते. ती म्हणेल तसं.

"ती राहील ना गं माझ्याकडे?" अलगद मला रोज विचारायची.

"न राहून काय करेल? तू तिला फुलासारखी जपतेस."

"तिला माझी कधी भीती वाटली नाही. मी एकदाही आवाज चढवला नाही तिच्यावर. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी नीट केलीय." हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे. बहिणीच्या उशाशी बसून तिने शब्द दिला होता, की माझ्या घरात तुझ्या मुलीला कुणाला घाबरावं लागणार नाही. तो शब्द का दिला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पोर खरंच गुणाची. शाळा सुटल्यावर स्टुडिओत यायची, मावशीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसायची, पेन्सिलीला टोक काढलं तर तासलेलं सगळं गोळा करून कचऱ्यात टाकायची. पाणी मागायचं तरी आधी मावशीकडे बघायची. माझी दोन कार्टी घर डोक्यावर घेतात. मी त्यांना शंभर वेळा ऐकवलं असेल, हिच्याकडून काही शिका. हे वाक्य आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तेव्हा आमच्याकडे एका मोठ्या सिनेमाचं काम चालू होतं. तीन मुलं वाट चुकून टेकडीवरच्या एका घरात शिरतात. त्या घराचा मालक मुलांचे आवाज काढून घेतो आणि बरण्यांत भरून ठेवतो, अशी गोष्ट. मालकाचं काम ज्या चित्रकाराकडे होतं त्याला आम्ही राक्षसवाला म्हणायचो. जन्मभर राक्षस काढलेला माणूस. त्याने मालकाला शिंगं दिली, सुळे दिले, जमिनीवर लोळणारा झगा दिला, आणि डोळे असे की खाऊ की गिळू. मालक बोलायचा कमी, गर्जायचा जास्त.

आमच्यात पद्धत आहे, सिनेमा अर्धा झाला की स्टुडिओतल्याच लोकांची मुलं गोळा करायची आणि खालच्या छोट्या हॉलमध्ये त्यांना दाखवायचा. मोठी माणसं खोटं बोलतात, मुलं चुळबुळतात. मालक पडद्यावर आला आणि मुलं हसली. माझ्या धाकट्याने तर हा बाहुला आंघोळीच्या टबात ठेवायला मिळेल का, असं विचारलं. गरजेल तो पडेल काय, ही म्हण मुलांना कुणी शिकवावी लागत नाही.

दिग्दर्शकाचं धाबं दणाणलं. राक्षसवाला रुसला आणि महिन्याभरात दुसरीकडे नोकरी धरून निघून गेला. मोठे चित्रकार आपापल्या पात्रांत अडकलेले. दिग्दर्शक खोलीत येऊन म्हणाला, "मालक कोण घेतंय?" सगळे छताकडे बघायला लागले. आणि माझ्या शेजारून, इतक्या बारीक आवाजात की मला वाटलं भास झाला, अलगद म्हणाली, "मी बघू का?"

लोक हसले. मी पण हसले. हिने अठरा वर्षांत एक डरकाळी काढली नव्हती, ना तोंडाने, ना कागदावर.

दोन दिवसांनी तिने दिग्दर्शकापुढे पानं ठेवली. शिंगं गायब. सुळे गायब. झगा जाऊन साधा स्वच्छ शर्ट आला होता. मध्यम उंचीचा, जरा पोक असलेला, छान हसणारा माणूस. कुणाचेही वडील असावेत असा.

"यात भीती कुठाय?" दिग्दर्शकाने विचारलं.

"नाही म्हणजे, भीती नंतर," ती म्हणाली. "आधी तो त्यांचं ऐकतो."

मग तिने समजावून सांगितलं, आणि मी ब्रश खाली ठेवून ऐकत राहिले. ही तीन मुलं घरी कुणालाच नको असतात. त्यांचं वाक्य कुणी पुरं ऐकून घेतलेलं नसतं. हा मालक गुडघ्यावर बसतो, त्यांच्या उंचीला येतो आणि ऐकतो. ती बोलत असताना पापणी हलवत नाही. बोलणं संपलं की एकदाच मिटतो. धाकटीच्या गुडघ्यावरची धूळ झटकतो. "मुलांना तो आवडला पाहिजे," अलगद म्हणाली. "आवडला नाही तर भीती वाटून उपयोग काय? मग ती पळूनच जातील."

"आणि वाईट कधी वागतो?"

"ते कळता कामा नये."

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. उडी मारायच्या आधी माणूस खाली वाकतो. थप्पड मारायच्या आधी हात मागे जातो. त्या वाकण्याचं, मागे जाण्याचं चित्र आधी काढावं लागतं, नाहीतर बघणाऱ्याला कळतच नाही काय झालं. त्याला आम्ही तयारीचं चित्र म्हणतो. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. अलगदने मालकाची सगळी तयारीची चित्रं काढून टाकली. त्याचा हात टेबलावर असायचा, आणि पुढच्या चित्रात तो मुलाच्या खांद्यावर असायचा. मधे काही नाही. जिने जन्मभर फक्त मधली चित्रं काढली होती, तिने ती एकेक करून उचलली.

चित्रकार लोक टेबलावर छोटा आरसा ठेवतात. पात्राचा चेहरा आधी स्वतः करून बघायचा, मग कागदावर उतरवायचा. अलगदकडे कधी आरसा नव्हता, मधल्या चित्रांना लागत नाही. आता तिने एक वाटोळा आरसा आणला. एका दुपारी मी रंगाची बाटली मागायला वळले आणि आरशात तिचा चेहरा दिसला. काही नव्हतं त्यात. राग नाही, दात-ओठ खाणं नाही. फक्त सगळं थांबलेलं होतं, आणि त्या थांबलेल्या चेहऱ्यावर अगदी मऊ हसू होतं. एवढी मोठी मी, दोन पोरांची आई, पण मला पटकन वाटून गेलं की मी काही चुकले तर नाही ना.

"आला का?" तिने आरशातूनच विचारलं.

"कोण?"

"बाबा."

त्या दिवशी डबा खाताना तिने सांगितलं. तिच्या बाबांनी घरात कधी कुणावर हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. शेजारी म्हणायचे, देवमाणूस. एकदा धाकटी बहीण खेळून उशिरा घरी आली. बाबांनी तिला जवळ घेतलं, कुठे गेली होतीस विचारलं. तिने सगळं सांगितलं, कोण पडलं, कोण जिंकलं. बाबा हसायच्या जागी हसले. मग तिचे केस सोडले आणि विंचरायला घेतले. सावकाश, एकही गुंता न ओढता. छान वेणी घातली. आणि वेणी पुरी झाल्यावर कात्रीने ती मुळापासून कापली आणि तिच्या हातात दिली.

मी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"सगळ्यात वाईट काय माहितेय?" अलगद म्हणाली. "बहीण मोठी झाल्यावरसुद्धा म्हणायची, ताई, कात्री लागेपर्यंत मला इतकं छान वाटत होतं. इतक्या मायेने माझे केस कुणीच विंचरले नाहीत. ती आठवण टाकवत नाही गं मला."

"आणि तू?"

"मी दारात उभी होते. मला आधी कळलं होतं. आम्हाला दोघींना कळायचं, आईला पण कळायचं. कशावरून ते सांगता येणार नाही. हवाच बदलायची." तिने डब्याचं झाकण लावलं. "म्हणून तर पोरीला मी असं काही दिसू दिलं नाही."

मला तेव्हा एक गोष्ट आठवायला हवी होती, आठवली नाही. वर्षभरापूर्वी पोरीच्या हातून घरी शाईची बाटली कलंडली होती आणि अलगदची पंधरा दिवसांची चित्रं गेली होती. अलगद म्हणाली, काही हरकत नाही, बाळा. हसत हसत सगळी चित्रं पुन्हा काढली. आणि दुसऱ्या दिवशी पोरीची खुर्ची आपल्या टेबलाजवळून उचलून बाहेरच्या खोलीत ठेवली. "म्हणजे तुला मोकळं बसता येईल." हे तिनेच मला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, काय गं बाई तुझा धीर. मी असते तर पोरीला सोलून काढली असती.

चार महिन्यांनी मुलांना पुन्हा हॉलमध्ये बसवलं. सुट्टी चार दिवसांवर आली होती. पहिल्या रांगेत अलगद आणि तिची भाची, त्यांच्या मागच्या रांगेत, कडेला, माझी दोन आणि मी. मुलं शेंगदाणे खात होती, एकमेकांना ढोसत होती. मालक आला. दार उघडून त्याने मुलांना आत घेतलं, गुडघ्यावर बसला, ऐकू लागला. शेंगदाण्यांचा आवाज कमी झाला. माझा धाकटा, तोच टबवाला, पुढे सरकून म्हणाला, "आई, हा चांगलाय." पाच मिनिटांत सगळ्यांना त्या घरात राहायचं होतं.

मग ते दृश्य आलं. मालक धाकट्या मुलीचे केस विंचरतो. दिवा पिवळा होता, तो रंग मीच निवडला होता, ऊबदार दिसावा म्हणून. मुलगी डोळे मिटून गाणं गुणगुणतेय. फणी वरून खाली, वरून खाली. हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं, पण भीतीने नव्हे, सुखाने. आणि कसलीही सूचना न देता मालकाचा हात तिच्या गळ्यापाशी गेला आणि गाणं थांबलं. मुलीचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. मालक हसला, त्याने पुन्हा फणी उचलली आणि उरलेले केस विंचरून पुरे केले.

मुलं दचकली. माझा धाकटा माझ्या कुशीत शिरला. कुणीतरी रडायला लागलं. दिग्दर्शक मागे उभा राहून आनंदाने हात चोळत होता.

पण मी पडद्याकडे बघत नव्हते. मी पुढच्या रांगेकडे बघत होते. अलगदची भाची दचकली नाही. ती सगळ्या मुलांसारखी खुर्चीत रेलून, पाय हलवत बसली होती. आणि मालकाचा हात हलायच्या आधी, इतर कुणालाही काही कळायच्या आधी, तिचे पाय थांबले. पाठ ताठ झाली. हात मांडीवर आले, एकावर एक, नीट. ती तयार झाली. त्यानंतर मालकाचा हात गेला.

अलगदनेही ते पाहिलं. तिची मान पडद्याकडे नव्हती, पोरीकडे वळलेली होती.

दिवे लागले. मुलं एकदम बोलायला लागली. पोरीने वळून मावशीकडे पाहिलं आणि कुणी काही विचारलेलं नसताना, घाईघाईने म्हणाली, "मावशी, मी इथेच राहणार आहे. मला बाबांकडे नाही जायचं."

आणि मावशीच्या हाताकडे बघत राहिली.

जे ऐकायला अलगदने चार महिने जीव टांगून ठेवला होता ते हेच वाक्य. मी पुढे होऊन तिला मिठी मारणार होते. पण तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी रंग खात्यातली आहे, मला कळतं.

पोरीला माझ्या मुलांबरोबर खेळायला पाठवून आम्ही दोघी वर गेलो. अलगदने त्या दृश्याचा गठ्ठा काढला आणि एकेक चित्र खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवू लागली. "मी काहीच ठेवलं नव्हतं," ती म्हणत होती. "सगळं काढून टाकलं होतं. मग तिला कळलं कशावरून?"

हात गळ्याकडे जातो त्याच्या अठ्ठेचाळीस चित्रं, म्हणजे दोन सेकंद आधी ते सापडलं. मालकाचा दुसरा हात, मांडीवर ठेवलेला, चित्राच्या कोपऱ्यात. त्या हाताचा अंगठा हळूहळू मुठीच्या आत शिरत होता. बारा चित्रांत पुरा आत गेला होता. अर्ध्या सेकंदाची गोष्ट. दिग्दर्शकाने पाहिली नव्हती, मी रंगवताना पाहिली नव्हती, काढणारीने पाहिली नव्हती.

"बाबांचा अंगठा," अलगद म्हणाली. "यावरून कळायचं आम्हाला. हो, यावरूनच."

"पण पोरीने तुझ्या बाबांना कधी पाहिलंय?"

पोर जन्मायच्या आधीच ते गेले होते, हे मलाही माहीत होतं. आम्ही दोघींनी एकदमच खाली पाहिलं. अलगदचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि अंगठा मुठीच्या आत.

तिने तो बाहेर काढला. मला वाटतं अर्धा तास ती त्या अंगठ्याकडे बघत बसली. मग खुर्चीची गोष्ट तिलाच आठवली. मग दुसरी, मग तिसरी. पोरीने शाळेतून डबा न खाता आणला म्हणून दोन दिवस अगदी गोड बोलली होती आणि एकदाही पोरीच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. "मी ओरडले नाही म्हणून मला वाटलं, मी वेगळी आहे," ती म्हणाली. "बाबा तरी कुठे ओरडायचे?"

मी म्हटलं, "हे बघ, अति करू नकोस. प्रत्येक आईला राग येतो. मी तर चपलेने मारते."

"तुझ्या मुलांना कळतं ना पण? तू आधी अर्धा तास किंचाळतेस. त्यांना पळायला वेळ मिळतो."

खरं होतं ते.

त्याच संध्याकाळी तिने भाऊजींना फोन केला आणि सुट्टीत पोरीला न्यायला सांगितलं. मी भडकले. "वेड लागलंय का तुला? ती स्वतःच्या तोंडाने राहते म्हणाली!"

"ती काय म्हणाली ते मी ऐकलं. मीही असंच म्हणायचे. बाबा मजेत विचारायचे, तुला कोण आवडतं, आई की मी? प्रश्न संपायच्या आत मी म्हणायचे, तुम्ही. आणि भोंगा, ते खोटं नव्हतं. मला ते खरंच आवडायचे. तेच तर." ती थांबली. "तिला एकदा माझ्यापासून लांब बसून ठरवू दे."

पोरीने सामान भरलं. का जायचं, म्हणून विचारलं नाही, रडली नाही, कपड्यांच्या घड्यासुद्धा कोपऱ्याला कोपरा जुळवून घातल्या. पुढचं मला अलगदनेच सांगितलं. जायच्या दिवशी सकाळी पोरीच्या हातून कप निसटला. अलगदच्या आईचा होता, घरात आईची म्हणून तेवढी एकच वस्तू उरली होती. तुकडे तुकडे झाले. पोर जागच्या जागी उभी राहिली, हात एकावर एक ठेवून, आणि मावशीच्या हाताकडे बघू लागली.

"आणि मला कळलं, चेहरा येतोय," अलगद म्हणाली. "आतून येतो गं. सगळं थंड होतं, आणि मग फार छान वाटतं. आता काय वाटेल ते करता येईल, असं वाटतं. मी तोंड उघडलं आणि ‘काही हरकत नाही, बाळा’ असं म्हणणार होते."

"मग?"

"म्हटलं, मला राग आलाय."

"बस्स?"

"आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं मी. ती म्हणाली, किती? मी म्हटलं, बराच. आईचा कप होता तो. मला रडूही येतंय. पण पाच मिनिटांत कमी होईल बहुतेक. मग ती भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन बसली. पाच मिनिटं बसली. मग म्हणाली, झाला का कमी? मी म्हटलं, थोडा उरलाय. ती म्हणाली, बरं. आणि झाडू घेऊन आली."

दहा वाजता भाऊजी आले आणि पोर गेली.

सिनेमा पुरा झाला. तो अंगठा अलगदने काढून टाकायला हवा होता, असं मला वाटत होतं. तिने ठेवला. दिग्दर्शकाला विचारून नव्हे, स्वतःच. म्हणाली, "ज्यांना ओळखू येईल त्यांना येऊ दे. कुणाच्या तरी घरी असेलच असा कुणी." मालक गाजला. मुलांनी त्याचे मुखवटे घातले, त्याच्यासारखं सावकाश हसून एकमेकांना घाबरवलं. माझ्या धाकट्याला तो फार आवडतो आणि त्याला अंधाऱ्या खोलीत एकट्याने जाववत नाही, दोन्ही एकदमच. मी स्वतः तो सिनेमा पुरा पाहिलेला नाही. पिवळा दिवा लागला की मी उठून बाहेर जाते. रंग माझा आहे, तरी.

पण हे सगळं नंतरचं. पोर गेल्यापासून अलगद रोज फोन करायची. तिकडून रोज तेच. मी ठीक आहे मावशी. हो जेवले. हो, ताई छान आहेत. (नव्या आईला ती ताई म्हणायची.) तू काळजी करू नकोस. फोन ठेवला की अलगद म्हणायची, "किती नीट बोलते बघ," आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बाहेर यायची नाही. मीही काही विचारायचं बंद केलं. असे वीस-बावीस दिवस गेले.

मग एका दुपारी, आम्ही डबे सोडत असताना, फोन तिकडूनच आला. अलगद उठून खिडकीपाशी गेली. इतक्या लांबून मला शब्द ऐकू येत नव्हते, पण आवाज येत होता. बारीक, चिरका, पोर ओरडत होती. अलगद ऐकत होती. शेवटी फक्त म्हणाली, "हो. हो, माझंच चुकलं. परवा येते." आणि टेबलाशी येऊन बसली.

"काय झालं? पडली-बिडली का?"

"म्हणाली, मावशी, मला तुझा राग आलाय. खूप आलाय. म्हणाली, मी राहते म्हटलं होतं तरी तू मला घालवलंस, तू मला विचारलंस पण नाहीस, तू दुष्ट आहेस. आणि म्हणाली, मला न्यायला ये. आत्ता ये." तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. "भोंगा, ती माझ्यावर ओरडली."

माझे डोळे भरून आले. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी बातमी देणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"आणि ती ओरडत होती ना, तेव्हा माझा चेहरा आला. मी खिडकीच्या काचेत पाहिला. इतका आनंद झाला होता मला, तरी आला. फोन होता म्हणून तिला दिसला नाही."

"मग परवा काय करशील?"

"तिला सांगेन, की तो अजून येतो," अलगद म्हणाली. "आला की सांगत जाईन."